बदकाच्या पेट्यात शिसं: ४८० तासांचा घटनाक्रम

शिशाची एखादी बारीक गोळी पोटात अडकून राहिली, तर बदक साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत दगावतं. हा काळ थोडाथोडका नाही. एवढ्या दिवसांत विष ओळखता येतं, पोटातून बाहेर काढता येतं, रक्तातून उतरवताही येतं. तरीही बदकं हातची जातात. पहिला आठवडा वरून काहीच दिसत नाही आणि दिसायला लागतं तेव्हा आपण त्याला भलतंच नाव देऊन मोकळे होतो.

खालचा घटनाक्रम पंचगंगेच्या काठावरच्या एका पाळीव बदकाचा आहे. बदक, घर आणि घरातली माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत. शरीरात जे घडतं ते मात्र शास्त्राने पाहून, मोजून नोंदवलेलं आहे. शिशाचे छर्रे गिळून मरणाऱ्या पाणपक्ष्यांविषयी अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच लिहिलं होतं. पुढे १९५९ मध्ये फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के पक्षी दर वर्षी शिशाने मरतात. म्हणजे या मरणाचा रस्ता चांगला परिचयाचा आहे. एकविसाव्या दिवसाची सकाळ हा शेवट धरून इथे तास उलटे मोजले आहेत.

४८० तास बाकी (पहिला दिवस, सकाळी ७)

पावसाळा सरला आहे. नदीचं पाणी पात्रात गेलंय आणि काठावर मऊ गाळ उरलाय. खुराड्यातून सुटलेली बदकं केंदाळाच्या कडेने गाळात चोच घालत निघाली आहेत. बदक चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी पट्ट्यांमधून चिखलपाणी गाळतं. पाणी बाहेर जातं, आतमध्ये बी, गोगलगाय, किडा आणि खडा राहतो. खडा चुकून जात नाही. बदकाला दात नाहीत, म्हणून दाणा दळायला ते मुद्दाम खडे गिळतं.

आज त्या खड्यांत शिशाची एक गोळी आहे. गळाची दोरी तुटली की तिच्यावरचं वजन गाळात राहतं. फेकजाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी निखळतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे भंगारातलं शिसं चुलीवर वितळवून घरीच वजनं ओतता येतात. ओतताना सांडलेले थेंब अंगणातच थिजतात. शिवाय फुटक्या बॅटरीच्या प्लेटांचे तुकडे आहेत, गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावलेली आणि रस्त्यावर गळून पडलेली वजनं आहेत, जुन्या दारा-खिडक्यांवरून खरवडलेल्या रंगाचे पापुद्रे आहेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी घेऊन येणारी पंचगंगा पुरात उकिरडे आणि परसं धुऊन नेते. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. पूर उतरतो तेव्हा जड वस्तू काठावरच बसतात, आणि शिसं पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड आहे.

गोळी घशाखाली गेली. बदक पुढच्या घासाकडे वळलं.

४७४ तास बाकी (पहिला दिवस, दुपारी १)

गोळी पेट्यात पोचली आहे. चिकनवाल्याकडे कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेटा. जाड स्नायूंचं हे जातं दिवसभर फिरतं: खडे दाण्यावर घासतात आणि दाणा भरडतो. शिसं नरम असल्यामुळे खड्यांच्या घर्षणाने त्याचा कीस निघतो. पेट्याच्या आधीच्या जठरातून आलेलं आम्ल त्या किसाचे क्षार बनवतं, आणि विरघळलेलं शिसं आतड्यात उतरतं.

माणसाने शिशाचा मणी गिळला तर तो पुष्कळदा एक-दोन दिवसांत बाहेर पडतो. बदकाचा पेटा मात्र खडे धरून ठेवण्यासाठीच घडलेला आहे. काही बदकं नशिबाने गोळी विष्ठेतून टाकून देतात. ज्यांच्या पेट्यात ती राहते, त्यांच्या अंगात ती झिजून संपेपर्यंत विष उतरत राहतं. छर्ऱ्याएवढी, ०.२ ग्रॅमच्या आसपासची एक-दोन दाण्यांची मात्राही बदकाचा जीव घेऊ शकते.

या घडीला गोळी जवळपास अखंड आहे आणि ती काढली तर पुढचं काहीच घडणार नाही. पण घरात कोणी ती गिळताना पाहिलेली नाही.

४५६ तास बाकी (दुसरा दिवस, सकाळी ७)

शिसं रक्तात आहे. शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून जिथे कॅल्शियम जातं तिथे त्याला वाट मिळते: हाडात, मज्जातंतूंत, स्नायूंत. रक्तातला लाल रंग तयार करणाऱ्या साखळीत ‘अलाड’ नावाचं एक विकर काम करतं. शिशाचा पहिला घाव त्याच्यावर पडतो आणि सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच त्याचं काम मंदावतं. आज बदकाचं रक्त तपासलं तर ही घसरण प्रयोगशाळेत दिसेल.

परसात मात्र सगळं नेहमीसारखं आहे. बदक कोंडा खातंय, पोहतंय, ओरडतंय.

४०८ तास बाकी (चौथा दिवस, सकाळी ७)

बदकी अंडी देत असेल तर तिच्यावर संकट दुहेरी आहे. कवच बनवायला तिला भरपूर कॅल्शियम लागतं, म्हणून तिचं आतडं ते हावरटपणे शोषतं आणि त्याबरोबर शिसंही अधिक शोषलं जातं. हाडांमधला साठा खाली-वर होत राहतो. त्यातलं काही शिसं अंड्यात उतरतं, विशेषतः पिवळ्या बलकात आणि कवचात.

आजचं अंडं उचलून घरात नेलं आहे. रंग, वास, चव यांत काही फरक नाही. उकळून किंवा तळून शिसं जात नाही. ते अंडं घरातल्या लहान मुलाच्या ताटात जाणार आहे.

३१२ तास बाकी (आठवा दिवस, सकाळी ७)

पहिली खूण दिसली आहे. कळप पाण्याकडे निघाला की हे बदक मागे राहतं. दुपारी सावलीत बसून असतं. विष्ठा पातळ, गर्द हिरवी झाली आहे, कारण पोटात अन्न कमी आणि पित्त जास्त जातंय.

“वैनी, तुमचं त्ये बदक मागंच ऱ्हातंय बघा.”

“दोन दिस झालं. खातंय, पण चालवंना त्येला.”

हे दोन दिवस फार मोलाचे आहेत. बदक अजून खातंय, वजन फारसं उतरलेलं नाही, मूत्रपिंडं काम करताहेत. आज ते दवाखान्यात गेलं तर वाचण्याची शक्यता चांगली आहे. मागे राहणं आणि हिरवी विष्ठा या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. एवढं एक वाक्य बदकं पाळणाऱ्या प्रत्येक घराच्या लक्षात राहिलं, तरी पुष्कळ जीव वाचतील.

२६४ तास बाकी (दहावा दिवस, सकाळी ७)

पंख अंगाला चिकटून राहत नाहीत, दोन्ही बाजूंना ढिले उतरलेत. शेपूट खाली गेली आहे. मान जड झाली आहे. आवाज बदललाय, हंसकुळातल्या मोठ्या पक्ष्यांत, म्हणजे गीजमध्ये, हा बदल अधिक ठळक ऐकू येतो.

घरात निदान झालं: “मानमोडी आलीया.”

कोंबड्या पाळणाऱ्याला मानमोडी, म्हणजे राणीखेत, माहीत असते. पक्ष्याची मान वाकडी झाली की तेच नाव तोंडात येतं. डक प्लेगमध्येही बदक मलूल होतं. कुजलेल्या पाण्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या बॉट्युलिझममध्ये तर मान अक्षरशः लोळते. पण चाल वेगळी असते. संसर्ग कळपात पसरतो, बॉट्युलिझम झपाट्याने पुढे जातो, आणि शिशाचं बदक एकटंच, दिवसामागून दिवस वाळत जातं. अनेक पक्षी एकदम मेले तर बर्ड फ्लूचा संशय धरून पशुसंवर्धन खात्याला कळवायलाच हवं. एकच बदक हळूहळू खचत असेल, तर त्याने काय गिळलं हा प्रश्न आधी विचारायचा.

तो इथे विचारला गेला नाही. बदक वेगळ्या डालग्याखाली ठेवलं गेलं. कोणी हळदीचं पाणी पाजलं, कोणी तेल. अशक्त पक्ष्याच्या घशात असं काही ओतलं की ते श्वासनळीत जाऊन फुप्फुसात उतरण्याची भीती असते, आणि पेट्यातली गोळी जागची हलत नाही.

२४० तास बाकी (अकरावा दिवस, सकाळी ७)

निम्मा वेळ गेला. बदक आज दवाखान्यात पोचलं असतं तर काय झालं असतं, ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण या विषावर उपचार आहेत.

पहिली गोष्ट एक्स-रे. धातूचं शिसं चित्रात पांढरं झळाळतं. पेट्यातले खडे त्यापुढे फिके दिसतात. पण गोळी झिजून संपली असेल तर चित्र स्वच्छ येईल आणि विष मात्र अंगात असेल. म्हणून दुसरी गोष्ट रक्ततपासणी. पाणपक्ष्यांत डेसिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी शिसं ही सामान्य पातळी मानतात. ५० च्या पुढे विषबाधेची लक्षणं अपेक्षित असतात आणि १०० च्या पुढे जीव धोक्यात असतो.

त्यानंतरचे उपचार दोन आघाड्यांवर चालतात, आणि दोन्ही लागतात.

पहिली आघाडी पेट्यातली. बदकाला भूल देऊन, श्वासनळीत नळी घालून ती सुरक्षित केली जाते. दुसरी नळी पेट्यापर्यंत नेऊन, अंग डोक्याकडे उतरतं धरून, कोमट पाण्याने पेटा धुतात. गोळ्या पाण्याबरोबर बाहेर येतात. धुऊन निघाल्या नाहीत तर शस्त्रक्रिया करावी लागते. मॅग्नेशियम सल्फेट देण्याचीही रीत आहे: त्याने विरघळलेल्या शिशाचं न विरघळणारं सल्फेट बनतं आणि पोट मोकळं व्हायला मदत होते. हे सगळं पशुवैद्याच्या हातचं काम आहे. घरी करून पाहण्याजोगं यात काही नाही.

दुसरी आघाडी रक्तातली. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए हे औषध शिशाला पकडून मूत्रपिंडावाटे बाहेर नेतं. पक्ष्यांत ते साधारणपणे वजनाच्या किलोमागे ३० ते ३५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, टोचून देतात. तीन ते पाच दिवस देऊन काही दिवस थांबतात आणि गरज पडली तर पुन्हा सुरू करतात. विश्रांती लागते, कारण औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि जस्तासारखे उपयोगी धातूही त्याच्याबरोबर निघून जातात. औषधाच्या नावातला ‘कॅल्शियम’ हा शब्द नीट वाचूनच बाटली घ्यायची. नुसतं डायसोडियम ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि तेच मरणाचं कारण होऊ शकतं. डीएमएसए, म्हणजे सक्सिमर, हे तोंडावाटे देता येणारं औषध आहे. डी-पेनिसिलामाइनही वापरलं जातं. ते माणसांच्या औषधांत असल्यामुळे मोठ्या शहरातल्या औषध दुकानात मागवता येतं. कोणतं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

गोळी पेट्यात ठेवून नुसती इंजेक्शनं दिली, तर एकीकडून विष निघतं आणि दुसरीकडून भरत राहतं. गोळी काढून औषध दिलं नाही, तर रक्तातलं आणि अवयवांतलं शिसं आपलं काम करतच राहतं.

सोबत सलाइन, उबदार जागा आणि नळीने पातळ, प्रथिनयुक्त आहार. कोल्हापुरात पक्ष्याला खायला घालायचं म्हटलं की मका पुढे येतो. शिसं गिळलेल्या बदकाला मका घातक ठरतो: कडक दाणा दळताना गोळी जास्त झिजते आणि मक्यात कॅल्शियम व प्रथिनं कमी असतात. मॅलार्ड बदकांवरच्या प्रयोगांत नुसत्या मक्यावर ठेवलेल्या पक्ष्यांना शिशाचा त्रास सर्वाधिक झालेला दिसला आहे. भिजवलेलं संतुलित खाद्य आणि शिंपल्याचा चुरा हा त्यापेक्षा किती तरी चांगला आहार.

१६८ तास बाकी (चौदावा दिवस, सकाळी ७)

आपलं बदक अजून डालग्याखालीच आहे. त्याच्यापुढे मका टाकला आहे. ते आशेने चोच मारतं, चार दाणे गिळतं, पण दाणे खाली उतरत नाहीत. शिशाने पचनसंस्थेच्या नसा बधिर केल्यामुळे जठर आणि अन्ननलिका आकुंचन पावत नाहीत. खाल्लेलं जठरात आणि त्याच्या वरच्या अन्ननलिकेत साचून घट्ट होतं. हात लावला तर भरल्यासारखं लागतं, आणि घरची माणसं समाधानाने म्हणतात, “खाल्लंय, पोट भरलंय.” बदक भरल्या नळीने उपाशी मरत आहे.

शरीर आता स्वतःचंच मांस जाळतं. छातीचे स्नायू वितळतात आणि मधलं हाड बोटाला धारदार लागतं. डोळ्यांच्या कडा आणि तोंडातली त्वचा पांढुरकी पडली आहे. रक्त बनणं मंदावलंय आणि असलेल्या तांबड्या पेशीही लवकर फुटताहेत.

७२ तास बाकी (अठरावा दिवस, सकाळी ७)

आज बदक पिशवीत घालून दवाखान्यात आणलं आहे. उभं राहत नाही, अधूनमधून झटके येतात. डॉक्टर एक्स-रे काढतात आणि पेट्यात झिजून चपटा झालेला एक पांढरा ठिपका दिसतो.

निदान झालं, पण उपाय आता अवघड आहेत. एवढ्या अशक्त पक्ष्याला भूल सहन होईलच असं नाही. मूत्रपिंडं थकली आहेत आणि औषध तर त्यांच्याच वाटेने जायचं आहे. ईडीटीए दवाखान्यात नसेल तर मागवावं लागेल, आणि मागवण्यात जो दिवस जाईल तो या बदकाजवळ नाही. सलाइन, ऊब आणि मिळालं तर औषध, एवढं करून वाट पाहणं हाती राहतं. अशा अवस्थेतूनही काही पक्षी परततात, म्हणून प्रयत्न सोडू नये. हेच बदक दहा दिवसांपूर्वी आलं असतं, तर डॉक्टरांच्या हातात खूप काही होतं.

० तास (एकविसावा दिवस, सकाळी ७)

बदक मेलं.

एरवी गोष्ट इथे संपते. मेलेलं बदक नदीकाठी किंवा उकिरड्यावर टाकलं जातं. घार किंवा कुत्रं त्याला फाडतं आणि पेट्यातलं उरलेलं शिसं दुसऱ्या पोटात जातं. काही घरांत तर ‘मरायला टेकलंय, त्याआधी कापू’ असा विचार होतो. शिशाचा संशय असलेल्या पक्ष्याचं मांस, आणि मुख्यतः यकृत व पेटा, कोणीही खाऊ नये.

शवविच्छेदन करून घ्यावं. पेटा उघडला की आतला थर हिरवा पडून चिरलेला दिसतो, पित्ताशय गच्च भरलेलं असतं, आणि कधी गोळी अजूनही तिथेच सापडते. यकृतात ओल्या वजनाच्या किलोमागे ६ मिलिग्रॅमच्या वर शिसं असेल, तर ते विषबाधेच्या लक्षणांशी जुळतं. नमुने कुठे पाठवायचे हे स्थानिक पशुवैद्यकीय दवाखाना सांगतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि साताऱ्याच्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

त्याच दिवशी बाकीची बदकं त्या काठावर सोडणं थांबवावं, त्यांचं रक्त तपासावं आणि अंडी बाजूला ठेवावी. वाचलेल्या बदकाच्या हाडांतलं शिसं महिनोन्महिने रक्तात परतत असतं. त्यामुळे औषधाची फेरी संपल्यावरही तपासणी पुन्हा करावी लागते.

घड्याळ सुरू होण्याआधी

उपचार महाग आहेत आणि वेळेवर मिळतीलच असं नाही. गोळी गाळात पडू न देणं मात्र शक्य आहे, आणि ते करून दाखवलेलं आहे. इंग्लंडमध्ये थेम्स आणि एव्हन नद्यांवरचे राजहंस मासेमारीच्या शिशाच्या वजनांमुळे मोठ्या संख्येने मरत होते. एव्हनवर स्ट्रॅटफर्डला तर ते दिसेनासे झाले. १ जानेवारी १९८७ पासून ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि राजहंसांची संख्या पुन्हा वाढली. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीतले शिशाचे छर्रे १९९१ पर्यंत देशभर बंद केले. युरोपीय संघाने पाणथळ जागांत ते फेब्रुवारी २०२३ पासून थांबवले.

भारतानेही काही पावलं टाकली आहेत. पेट्रोलमधलं शिसं २००० मध्ये गेलं. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भाग ही शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. गळाच्या आणि जाळ्याच्या वजनांकडे मात्र आपलं लक्ष गेलेलं नाही. लोखंडाची, दगडाची, भाजलेल्या मातीची वजनं बनवता येतात. जाळं विणणाऱ्या भोई बांधवांना ती परवडतील अशी मिळावीत, यासाठी मत्स्यव्यवसाय खात्याने आणि ग्रामपंचायतींनी पुढाकार घ्यावा. गणेशमूर्ती नदीत सोडण्याऐवजी दान करण्याची चळवळ कोल्हापूरने चालवली, विसर्जन पंचगंगेऐवजी इराणी खणीकडे वळवलं. नदीसाठी सवय बदलणं या शहराला जमतं.

हे करायला बदकाचा जीव हेच कारण पुरेसं आहे. पण त्याच परसात एक मूलही खेळतं. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसं आहे. बदकाच्या रक्तात २० पर्यंतची पातळी सामान्य धरतात. मुलाच्या रक्तात ५ लाच जागतिक आरोग्य संघटना शिशाचा स्रोत शोधून तो दूर करायला सांगते. म्हणून ज्या घरच्या बदकाच्या पेट्यात शिसं सापडेल, त्या घराने मुलांचं रक्त त्याच आठवड्यात तपासून घ्यावं.